मागचं चाक

गेल्या जूनमधली गोष्ट. पहिला जोराचा पाऊस पडून गेला होता आणि बाबा बोईसरहून कोळगावला घरी येत होते. पालघर-बोईसर रस्त्यावर एका वळणात म्हैस आडवी आली, बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग घसरून पुढे आला. गाडी अर्धी फिरली आणि रस्त्याकडेच्या चिखलात जाऊन थांबली. बाबांना खरचटलंही नाही, म्हशीलाही नाही. रात्री फोनवर ते एवढंच म्हणाले, "स्टिअरिंग माझ्या हातातच होतं रे. मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं."

त्या गाडीला दोन महिन्यांपूर्वी मीच दोन नवे टायर घालून दिले होते. पुढे. जुने मागे सरकवले होते.

शनिवारी पुण्याहून घरी गेलो आणि गाडीमागे उकिडवा बसलो. मागचा डावा टायर बाहेरून ठीक दिसत होता. आतल्या कडेवरून हात फिरवला तर ती गुळगुळीत, आणि एका जागी तारा बोटाला लागल्या. गाडीच्या खणात व्हील अलाइनमेंटच्या तीन पावत्या होत्या. तिन्हींवर पुढच्या चाकांचे आकडे हिरवे आणि मागच्या डाव्या चाकाचा आकडा लाल. प्रत्येक वेळी दुकानदार म्हणाला होता, "मागचं सेट होत नाही साहेब, कंपनीनं सोयच दिलेली नाही." आणि प्रत्येक वेळी मी पैसे देऊन निघालो होतो. वॉर्निंग न वाचता कोड पुढे ढकलणाऱ्या ज्युनिअरला मी ऑफिसात चार शब्द सुनावतो. इथे तीच वॉर्निंग छापील होती.

मागच्या चाकाकडे न बघण्याची ही सवय कुठून आली, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा ती मोटारीपेक्षाही जुनी निघाली.

बैलगाडीला अलाइनमेंट नसतं. दोन चाकं, मध्ये एक आस. लोहार धाव तापवून चाकावर चढवतो, थंड होताना ती आवळून बसते, आणि आस वाकत नाही तोवर दोन्ही चाकं सरळ चालतात. चार चाकांच्या घोडागाडीत प्रश्न आला तो वळण्याचा. पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्यावर फिरायचा, त्यामुळे वळताना गाडी कलंडायची भीती असे. शिवाय वळणात आतलं चाक लहान वर्तुळातून जातं आणि बाहेरचं मोठ्या, म्हणून दोघांना वेगवेगळा कोन हवा. म्युनिकमध्ये बग्ग्या बांधणाऱ्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गरनं यावर तोड काढली आणि १८१८ साली रुडॉल्फ आकरमान यानं लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनिअरिंगला आम्हाला ती 'आकरमान स्टिअरिंग' म्हणून शिकवली. त्या भूमितीत मागचा आस ही पक्की रेषा असते. पुढच्या चाकांचे कोन तिच्या आधारानं ठरतात. ती रेषाच तिरकी असेल तर काय, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

मुंबईच्या रस्त्यांवर हे गृहीतक अनेक दशकं खरंही ठरलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. तिची पुढची चाकं स्वतंत्र स्प्रिंगांवर होती. मागे मात्र पाट्यांवर बसवलेला एक जाड, बंद आस, आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. तो वाकत नाही तोवर तिथे जुळवण्यासारखं काहीच नव्हतं.

मुख्य बिघाड एकच: पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून आस तिरका सरकणं. ट्रकांमध्ये तो आजही होतो. चिल्हार फाट्याला थोडा वेळ उभं राहिलं तर तारापूर एमआयडीसीकडे वळणारा एखादा ट्रक खेकड्यासारखा चालताना दिसतो, तोंड एकीकडे आणि धड दुसरीकडे. ड्रायव्हर स्टिअरिंग जरासं तिरकं धरून त्याला सरळ नेत असतो. गाडी कुठल्या दिशेला रेटली जाणार हे मागचा आस ठरवतो आणि पुढची चाकं ते सांभाळून घेतात, हे त्या ट्रककडे पाहून जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही.

मग गाड्या बदलल्या. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना द्यायला लागल्यावर मागच्या आसात गिअर उरले नाहीत, तो हलका करता आला. १९७४ साली फोक्सवॅगननं शिरोको आणि गोल्फमध्ये मागे दोन दांडे आणि त्यांना जोडणारी, पीळ खाणारी एक तुळई बसवली. स्वस्त, हलकी, डिकीला जागा सोडणारी. आपल्याकडे डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. आज बहुतेक छोट्या गाड्यांखाली ती पिळणारी तुळईच असते. तिचे कोन कारखान्यातच ठरतात, फिरवायला नट नसतो.

काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून उरली नाही. तिच्या काळातली समजूत मात्र उरली. तेव्हा मागचं सहसा बिघडत नव्हतं म्हणून कुणी बघत नव्हतं. आता ते सहज सुधारता येत नाही म्हणून बघत नाहीत.

पावतीवरचा लाल आकडा होता अर्धा अंश. एवढं तिरकं चाक दर किलोमीटरला पावणेनऊ मीटर आडवं ओढलं जातं. दहा हजार किलोमीटरला ८७ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चर्चगेट ते पालघर. हिशेब ढोबळ आहे, रबर थोडं लवतंही, पण झीज होते ती अशीच. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटरला टायर बाद समजतात. नक्षी गेली की खालचं पाणी बाहेर पडत नाही. पुढचे टायर घसरले तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते, ते हाताला जाणवतं. मागचे घसरले तर गाडी फिरते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे घालावेत, असं टायर कंपन्या सांगतात. मी उलटं केलं होतं, आणि तेही बाबांच्या काळजीपोटी.

बोईसरला एक जुने मिस्त्री आहेत. त्यांची उमेद मुंबईत टॅक्स्या दुरुस्त करण्यात गेली. त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळ्या ताणल्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून सुतळीपर्यंतचं अंतर फूटपट्टीनं मोजलं. तीन मिलिमीटरचा फरक.

"चाक बाहेर बघतंय," ते म्हणाले. "हे नुसत्या खड्ड्याचं काम नाही. कडेला कुठंतरी जोरात आपटलंय."

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मागच्या गणपतीत दुभाजकाला लागली होती. तू ओरडशील म्हणून बोललो नाही."

तुळई शाबूत होती. चाक ज्यावर बसतं तो स्टब वाकला होता, तो बदलला. तुळईच थोडी वाकली असती तर मध्ये पातळ पाचर घालूनही कोन जुळवता आला असता. 'सोयच नाही' हे अर्धंच खरं होतं.

निघताना मी मिस्त्रींना विचारलं, "काका, पद्मिनीचं मागचं तुम्ही तपासायचात का?"

"कशाला तपासू?" ते हसले. "तिला बिघडायचं ठाऊकच नव्हतं."

आता नवे टायर मागे आहेत. दर सहा महिन्यांनी बाबा अलाइनमेंट करून येतात आणि मला फोनवर पावती वाचून दाखवतात. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात.