चार मीटरांची मोटार



राजशासनाचा ठसा नाण्यावर उमटतो, दस्तऐवजाच्या कागदावर उमटतो, हें आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेलें असतें. तोच ठसा मोटारीच्या पत्र्यावरहि उमटतो, आणि मोजपट्टी घेऊन तो कोणासहि वाचतां येतो, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानीं येत नाहीं. आपल्या नाशकांत कॉलेज रोडवर एखाद्या सायंकाळीं फिरावयास जावें आणि कडेला उभ्या असलेल्या लहान पण उंच बांध्याच्या मोटारी पाहाव्या. त्यांच्या कंपन्या निराळ्या, नांवें निराळीं, तोंडवळे निराळे. परंतु माहितीपत्रकांतील लांबीचा आंकडा पाहिला तर एकीचा ३९९५ मिलिमीटर, दुसरीचा ३९९४, तिसरीचा ३९९०. चार मीटर, म्हणजे आपले तेरा फूट दीड इंच, ही जणूं लक्ष्मणरेषा. आणि सगळ्या तिच्या अलीकडे जवभर अंतर राखून थांबलेल्या. इतक्या निरनिराळ्या देशांतील कारागिरांना एकच माप सुचावें हा योगायोग नव्हे. त्यामागें एक कायदा आहे, आणि त्या कायद्याचा इतिहास पुष्कळ अंशीं आपल्या सातपूरच्या कारखान्यांत घडलेला आहे.

या जातीच्या मोटारीस कारखानदार क्रॉसओव्हर म्हणतात. विक्रेते तीस छोटी एस्-यू-व्ही म्हणतात, कारण त्या नांवानें गिऱ्हाइकाची छाती फुगते. वस्तुतः हा जीप व साधी मोटार यांचा संकर होय. जीपची रचना आपल्या बैलगाडीसारखी असते : खालीं भक्कम साटा आणि त्यावर वेगळी बसविलेली पेटी. साध्या मोटारीस साटा नसतो. शेंगेच्या टरफलाप्रमाणें तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार सोसतो, म्हणून ती वजनानें हलकी आणि बांध्यानें ठेंगणी. या संकरानें बांधा साध्या मोटारीचा उचलला आणि उंची व ऐट मात्र जीपची घेतली. १९९४ सालीं जपानच्या टोयोटा कंपनीनें आर्-ए-व्ही-फोर ही गाडी विकावयास काढली, तेव्हांपासून या जातीस प्रतिष्ठा आली. पुढें २००३ सालीं फोर्ड कंपनीनें ब्राझिलांत इकोस्पोर्ट काढून तीच कल्पना लहान मोटारीच्या मापांत उतरविली.

नाशिकचा या कुळाशीं संबंध जडला तो जीपच्या बाजूनें. १९४५ सालीं महिंद्रा बंधु व गुलाम महंमद यांनीं ‘महिंद्रा अँड महंमद’ ही पेढी पोलादाच्या व्यापारासाठीं काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले आणि तेथील पहिले अर्थमंत्री व पुढें गव्हर्नर जनरलहि झाले. १९४८ सालीं पेढीनें आपलें नांव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ केलें. मधल्या काळांत, १९४७ सालीं, विलीज कंपनीच्या जीपा मुंबईंत जोडण्याचें काम सुरू झालें होतें. कालांतरानें कंपनी सातपूरला आली आणि २००० सालीं बोलेरो, २००२ सालीं स्कॉर्पिओ अशा साट्यावरच्या दणकट गाड्या येथून बाहेर पडल्या. माझ्या वर्गांतील कित्येक मुलांचे वडील सातपूर-अंबडकडे पाळीवर जात. त्या मुलांना भूमितीचें प्रमेय समजावयाचें नाहीं, पण ॲक्सल आणि गिअरबॉक्स यांतील भेद तीं मास्तरांस समजावून देत.

आतां कायद्याकडे वळूं. २००६ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत अर्थमंत्री चिदंबरम् यांनीं अंदाजपत्रक मांडतांना लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क शेंकडा २४ वरून १६ वर आणलें. हिंदुस्थानानें लहान मोटारींचें माहेरघर व्हावें हा हेतु होता. पण लहान मोटार म्हणजे कोणती? कायद्याला व्याख्या लागते. त्या व्याख्येंत दोन अटी आल्या : लांबी चार मीटरांहून अधिक नसावी, आणि इंजिन पेट्रोलचें असल्यास १२०० घन सेंटिमीटरांपर्यंत व डिझेलचें असल्यास १५०० पर्यंत असावें. एवढ्या दोन ओळींनीं पुढच्या वीस वर्षांतील मोटारींचें रूप ठरविलें, असें म्हटल्यास मला त्यांत अतिशयोक्ति वाटत नाहीं.

जगाच्या इतिहासांत हा प्रकार नवा नव्हे. इंग्लंडांत १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर बसे. ही अश्वशक्ति प्रत्यक्ष मोजीत नसत. सिलिंडरांची संख्या व त्यांचा व्यास एवढ्यांवरून ती एका सूत्रानें काढीत. दट्ट्या सिलिंडरांत किती अंतर वरखालीं जातो याची त्या सूत्रांत दादच नव्हती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. इंग्रज कारखानदारांनीं अरुंद व उंच सिलिंडरांचीं इंजिनें बनविलीं. १९४७ सालीं तें सूत्र गेलें. जपानांतहि १९४९ पासून ‘केइ’ नांवाच्या चिमुकल्या मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग कायद्यानें निर्माण केलेला आहे, आणि त्या मापाच्या डबीसारख्या चौकोनी गाड्या तेथील गल्लोगल्लीं दिसतात. व्याख्या करणारा अधिकारी कारागिराच्या शेजारीं अदृश्य रूपानें बसलेलाच असतो.

आपल्याकडे या नव्या मापाची पहिली छोटी एस्-यू-व्ही महाराष्ट्रांतच निघाली, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीनें २००९ सालीं चिंचवड येथून रिओ नांवाची गाडी काढली. तिचें मूळ जपानी दायहात्सू कंपनीच्या टेरिओस गाडींत. तेथून ती चीनच्या झोत्ये कंपनीकडे गेली, आणि चीनमार्गें पुण्यास आली. पोटांत इंजिन मात्र फ्रान्सच्या प्यूजो जातीचें. चार देशांचें पाणी प्यालेली ही गाडी चालली मात्र फारशी नाहीं.

नाशकांत याच सुमारास कातरकाम सुरू झालें. २००९ सालीं आलेली झायलो ही साडेचार मीटर लांबीची ऐसपैस गाडी होती. तिची शेपटी कापून २०१२ सालीं क्वांटो तयार झाली, लांबी ३९८५. पुढच्या व मागच्या चाकांमधलें अंतर तेंच ठेवून अर्ध्या मीटराहून अधिक पत्रा मागून छाटला होता. लोगान ही फ्रान्सच्या रेनो कंपनीशीं भागी करून २००७ पासून येथें होणारी सव्वाचार मीटरांची मोटार. भागी मोडल्यावर तिचें नांव व्हेरिटो झालें, आणि २०१३ सालीं तिचीहि डिकी छाटून व्हेरिटो वाइब निघाली. या दोहोंचें रूप गिऱ्हाइकास रुचलें नाहीं, आणि त्याचा दोष मी गिऱ्हाइकास देणार नाहीं. मागून कापलेलें धोतर तें कापलेलेंच दिसतें. बोलेरोची गोष्ट अधिक सफाईची. २०१६ सालीं बंपरांत फेरफार करून ती ४१०७ वरून ३९९५ मिलिमीटरांवर आली, अडीच लिटरांच्या जागीं दीड लिटरचें इंजिन आलें, आणि खेड्यापाड्यांतील लोकांनीं ती पूर्वींसारखीच घेतली.

मध्यंतरीं २०१३ सालीं ब्राझिलची इकोस्पोर्ट चेन्नईस होऊं लागली होती. तिच्या मागच्या दारावर सुटें चाक टांगलेलें असे. माहितीपत्रकांतील चार मीटरांत तें चाक धरलेलें नसे! युरोपांतील लोकांस तें टांगलेलें चाक आवडेना, म्हणून तिकडे पुढें चाकाविना ती विकली गेली. २०२१ सालीं फोर्डनें येथील मोटारींचें उत्पादन आंवरतें घेण्याचें ठरविलें आणि ती गाडी गेली. पण तिनें बाजाराला या मापाची चटक लावून ठेविली. २०१६ सालीं मारुतीची ब्रेझा आली, २०१७ सालीं टाटांची नेक्सॉन आली. ही दुसरी पुण्याजवळच्या रांजणगांवची.

आतां मुख्य कथा. २०११ सालीं महिंद्रा कंपनीनें दक्षिण कोरियांतील सँगयाँग ही मोटार कंपनी ताब्यांत घेतली. त्या कंपनीनें २०१५ सालीं टिवोली नांवाची क्रॉसओव्हर काढली. टिवोली हें रोमजवळच्या एका गांवाचें नांव. कोरियांतील गाडीस तें कां द्यावें हें मोटारींच्या बारशाचे पुरोहितच जाणोत. या टिवोलीची लांबी ४१९५ मिलिमीटर, इंजिनें पेट्रोल व डिझेल दोन्ही १.६ लिटरांचीं. युरोपांत तीं चाललीं, कारण तेथें चार मीटरांची रेषा नव्हती. उलट, तिकडे सामानास जागा हवी म्हणून २०१६ सालीं हीच गाडी मागें वाढवून ४४४० मिलिमीटरांची एक्स-एल-व्ही केली. आणि तीच गाडी नाशिकला आली तेव्हां तिला बरोबर २०० मिलिमीटर कमी व्हावें लागलें. एकाच आईच्या दोन लेकी. एकीला सासरीं लांब पदर मिळाला, दुसरीला आखूड.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजीं ती एक्स-यू-व्ही ३०० या नांवानें बाजारांत आली. लांबी ३९९५. क्वांटोच्या वेळचा धडा कारागिरांनीं चांगला गिरविलेला दिसतो, कारण ही गाडी कापलेली वाटत नव्हती. चाकांमधलें २६०० मिलिमीटरांचें अंतर तसेंच ठेविलें होतें, कारण तें बदलणें म्हणजे घराचा पाया उकरणें. माणसें बसण्याची जागा म्हणून कायम राहिली आणि सगळी किंमत सामानाच्या जागेला मोजावी लागली. कंपन्यांच्या मोजणीप्रमाणें टिवोलीच्या डिकींत ४२३ लिटर जागा होती, एक्स-यू-व्ही ३०० मध्यें २५७. सप्तशृंगीला किंवा त्र्यंबकेश्वरला जाणारें पांच माणसांचें कुटुंब त्या जागेंत आपल्या पिशव्या कशा बसवीत असेल हें ज्यानें अनुभविलें त्यास विचारावें. इंजिनेंहि बदललीं : पेट्रोलचें ११९७ घन सेंटिमीटरांचें तीन सिलिंडरांचें, डिझेलचें १४९७ चें. दोन्हीं मर्यादेच्या आंत तीन-तीनच घन सेंटिमीटर! लहान इंजिनांतून मोठी शक्ति काढण्यासाठीं त्यांस टर्बो जोडलेला असे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतानें एक पंखा फिरतो, आणि तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबतो. इंग्लंडांत करानें उंच सिलिंडर घडविला, आपल्याकडे त्यानें टर्बो घरोघर नेला.

एक गोष्ट मात्र येथें सांगितलीच पाहिजे. कायद्यानें लांबी विचारली, रुंदी विचारली नाहीं. म्हणून नाशिकची ही गाडी कोरियांतील टिवोलीहून सुमारें अडीच सेंटिमीटर रुंदच झाली. भद्रकालींतील किंवा पंचवटींतील बोळांत मोटार अडते ती लांबीमुळें नव्हे, रुंदीमुळें. लहान मोटारीस सवलत देण्यांत रस्त्यावरील जागा वांचावी हा विचार कोणाच्या मनांत असलाच, तर फूटपट्टी आडवी धरावयाची राहून गेली असें म्हणावें लागेल. उलट पक्षीं, कापाकापींत गाडी दुबळी झाली असा आक्षेप मात्र घेतां येत नाहीं. जानेवारी २०२० मध्यें ग्लोबल एन्-कॅप या संस्थेनें ती भिंतीवर आदळून पाहिली, आणि मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठीं पांच व मुलांसाठीं चार तारे दिले.

पुढें ही गाडी दक्षिण आफ्रिकेंत गेली. तेथें आपला कायदा चालत नाहीं. परंतु परदेशासाठीं निराळे सांचे करणें परवडत नाहीं, म्हणून दिल्लीच्या अंदाजपत्रकांत ठरलेली लांबी जोहान्सबर्गच्या रस्त्यांवरहि धांवूं लागली. तिचा नवा अवतार एक्स-यू-व्ही ३ एक्स-ओ एप्रिल २०२४ मध्यें आला, लांबी ३९९० मिलिमीटर. तो २०२५ सालीं ऑस्ट्रेलियांतहि विक्रीस गेला. तोंवर कोरियांतील माहेर तुटलें होतें. सँगयाँगनें डिसेंबर २०२० मध्यें न्यायालयाचा आश्रय घेतला, २०२२ सालीं ती के-जी या उद्योगसमूहाकडे गेली, आणि २०२३ सालीं तिचें नांवहि पालटलें.

कायद्यानेंच हें माप ठरविलें याचा पुरावा कोणास हवा असेल तर तो विजेच्या मोटारींत सांपडतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीस वस्तु व सेवा कर शेंकडा पांच. तेथें लांबीची अट नाहीं, आणि घन सेंटिमीटर तर नाहींतच. सप्टेंबर २०२२ मध्यें महिंद्रानें याच सांगाड्यावरची विजेची गाडी, एक्स-यू-व्ही ४००, जगापुढें आणली. जानेवारी २०२३ मध्यें तिच्या किंमती जाहीर झाल्या. तिची लांबी ४२०० मिलिमीटर! कापलेली शेपटी पुन्हां फुटली, आणि डिकी २५७ वरून ३७८ लिटरांवर गेली. टाटांनीं मात्र विजेची नेक्सॉन चार मीटरांच्या आंतच ठेविली.

सप्टेंबर २०२५ मध्यें कराचे दर पुन्हां बदलले. पूर्वीं या लहान गाड्यांवर अधिभार धरून पेट्रोलला शेंकडा २९ व डिझेलला ३१ कर होता. तो १८ झाला. मोठ्या मोटारींस ४०. आम्हां मास्तरांस उदाहरण सोडविल्याशिवाय राहवत नाहीं. कारखान्यांतून आठ लाखांस निघणारी गाडी घ्या. चार मीटरांच्या आंत असेल तर कर एक लक्ष चव्वेचाळीस हजार. तीच दोन बोटें लांब भरली तर तीन लक्ष वीस हजार. दोन बोटें पत्र्याची किंमत एक लक्ष शाहत्तर हजार रुपये. आतां कोणता कारखानदार मर्यादेबाहेर पाऊल टाकील?

मात्र एक चमत्कार असा कीं, मारुतीच्या ब्रेझाला २०२० सालीं १४६२ घन सेंटिमीटरांचें पेट्रोल इंजिन बसलें. त्यामुळें ती लहान मोटारीच्या व्याख्येंतून बाहेर पडली, आणि २०२५ च्या बदलानंतर तिच्यावर पूर्ण चाळीस टक्के कर आला. लांबीची सवलत तिला एका पैचीहि मिळत नाहीं. तरीहि ती ३९९५ मिलिमीटरच राहिली.