हैदराबाद संस्थान, सातवे निजाम आणि आपल्या भागातील देवस्थाने



औराद आणि बिदर, गुलबर्गा परिसरातील देवस्थानांचा इतिहास सांगताना निजामाचे नाव टाळता येत नाही. या संदर्भात दोन विधाने नेहमी कानी पडतात. पहिले, निजामाने देवळांना जमिनी व वर्षासने दिली. दुसरे, निजामाच्या राज्यात देवळाचा कळस दुरुस्त करायचा तरी परवानगीची वाट पाहावी लागे. या विधानांवरून आपल्या बैठकांत वादही होतात. आमच्या मते दोन्ही विधाने खरी आहेत आणि ती एकत्र वाचली तरच त्या काळाचे स्वरूप कळते. आपल्या देवस्थानाच्या जमिनींचे व हक्कांचे मूळ त्याच काळात असल्यामुळे विश्वस्तांना व भाविकांना ही माहिती असणे आवश्यक आहे. म्हणून हा लेख देत आहोत.

संस्थानाची स्थापना आणि आपला परिसर

निजाम-उल्-मुल्क मीर कमरुद्दीन खान यांनी इ. स. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथील लढाईत मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत आसफजाही घराण्याची सत्ता उभी राहिली. दिल्लीच्या बादशहाचे नाव पुढेही घेतले जाई, परंतु कारभार स्वतंत्र होता.

आपला परिसर या घराण्याच्या इतिहासात आरंभापासून आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी आपल्या शेजारच्या उदगीर येथे सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळविला. त्या वेळी गादीवर असलेल्या सलाबतजंगास त्याचाच भाऊ निजाम अली याने १७६२ मध्ये बिदरच्या किल्ल्यात कैद केले. पुढील वर्षी त्याचा तेथेच अंत झाला. १७९५ मध्ये खर्ड्याच्या पराभवानंतर निजाम अलीचा मुलगा आलीजाह याने बापाविरुद्ध बंड केले, तेव्हा त्यानेही बिदरचाच आश्रय घेतला. बहामनी आणि बरीदशाही सुलतानांची ही जुनी राजधानी निजामकाळातही राजकारणाच्या वावटळीत सापडत राहिली.

१७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. त्यानंतर परराष्ट्र कारभार इंग्रजांकडे गेला, अंतर्गत कारभार निजामाकडे राहिला. १८५३ मध्ये दिवाणपदी आलेल्या पहिल्या सालारजंगांनी वसुलाची मक्त्याची पद्धत मोडून सरकारी नोकरांमार्फत वसूल सुरू केला आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून राज्याची जिल्ह्यांत विभागणी केली. तरीही सर्व मुलूख एकाच व्यवस्थेखाली नव्हता. सरकारी अंमलाचा भाग दिवाणी किंवा खालसा, निजामाच्या खाजगी उत्पन्नाचा भाग सर्फ-ए-खास, आणि त्यांखेरीज पायगा व जहागिरी अशी वाटणी होती. बिदर जिल्ह्यात पायगा आणि जहागिरींचे प्रमाण मोठे होते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांतील देवळांची कागदपत्रे वेगवेगळ्या दफ्तरांत आढळतात.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान

मीर उस्मान अली खान यांचा जन्म १८८६ चा. १९११ मध्ये ते गादीवर आले. त्यांच्या ताब्यातील राज्य सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे होते आणि १९४१ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे १ कोटी ६३ लाख लोक राहत होते. त्यांपैकी जवळजवळ निम्मे तेलुगू, सुमारे एक चतुर्थांश मराठी आणि उरलेले मुख्यतः कन्नड व उर्दू भाषक होते. राज्यकर्त्याचा धर्म इस्लाम, बहुसंख्य प्रजा हिंदू. १९३७ मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले.

त्यांच्या कारकिर्दीत झालेली कामे नाकारता येणार नाहीत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या मांजरा नदीवर पुढे निजामाबाद जिल्ह्यात बांधलेले निजामसागर धरण १९३१ मध्ये पूर्ण झाले. १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते सुरू होऊन गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांचे जतन झाले. यझदानी यांनीच बिदरच्या वास्तूंवर १९४७ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेस महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी निजामाने साहाय्य दिले. तेथील अतिथिगृहास निजामाचे नाव आहे. महाराजा किशनप्रसाद यांच्यासारखे हिंदू गृहस्थ या निजामाच्या काळात राज्याचे प्रधानमंत्री होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे मराठी, कन्नड व तेलुगू मुलांना आपल्या भाषेत वरचे शिक्षण मिळत नसे. 'गश्ती निशान ५३' या परिपत्रकामुळे जाहीर सभेस पूर्वपरवानगी लागे. प्रजेस जबाबदार असे सरकार शेवटपर्यंत आले नाही.

या निजामांनी देशाला पाच हजार किलो सोने दान दिले, अशी कथा अनेकदा सांगितली जाते. वस्तुतः १९६५ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत ४२५ किलो सोने गुंतविले. ते दान नव्हते. थोर म्हणवण्यासाठी असो की वाईट ठरवण्यासाठी, इतिहासात भर घालणे आम्हांस उचित वाटत नाही.

देवस्थानांचे इनाम : देणगी आणि अट

निजाम राज्यात मशिदी, दर्गे, देवळे व मठ यांना जमिनीची इनामे तसेच रोख रकमा मिळत. यांतील पुष्कळ इनामे निजामाने नव्याने दिलेली नसून बहामनी, मोगल किंवा मराठा अमलापासून चालत आलेली व निजाम सरकारने पुढे मान्य केलेली होती. देवळाच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनीस 'मशरूत-उल-खिदमत' म्हणत. याचा अर्थ सेवेच्या अटीवर दिलेली. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती, वाजंत्री, उत्सव ही सेवा चालू असेपर्यंत जमीन. वारस बदलला की चौकशी होऊन 'मुंतखब' नावाचा उतारा दिला जाई आणि इनाम कोणाच्या नावे, कोणत्या कामासाठी चालावे हे त्यात नोंदविले जाई.

आपल्या जिल्ह्यातील हुमनाबादचे श्री माणिकप्रभू महाराज (१८१७ ते १८६५) यांच्या दरबारी हिंदू आणि मुसलमान दोन्ही भक्त येत. बिदर येथे श्री नृसिंह झरणी आणि गुरु नानक झिरा ही दोन्ही तीर्थे याच राज्यात नांदली. लोकांमधील सलोखा जुना होता, आणि तो मुख्यतः संतांनी व गावकऱ्यांनी टिकवला होता.

तथापि धार्मिक बाबींवर 'उमूर-ए-मजहबी' खात्याचे नियंत्रण असे. नवीन देऊळ बांधणे, जुन्याची दुरुस्ती, मिरवणूक, या सर्वांसाठी परवानगी लागे. ती मिळण्यास विलंब होई किंवा मिळतच नसे. दसरा व मोहरम एकाच सुमारास आले की निर्बंध अधिक कडक होत. यज्ञकुंडावरही हरकती घेतल्या गेल्या. या निर्बंधांविरुद्ध आर्य समाजाने १९३९ मध्ये देशव्यापी सत्याग्रह केला. उदगीरचे भाई श्यामलाल यांना त्यापूर्वीच, डिसेंबर १९३८ मध्ये, बिदरच्या तुरुंगात मृत्यू आला.

एकच सरकार देवळास दिवाबत्तीचे तेल देत होते आणि त्याच देवळाच्या भिंतीसाठी अर्ज करावयास लावत होते. यात विसंगती दिसते, पण ती त्या राज्यपद्धतीचीच रीत होती. देणे हे राजाच्या मर्जीवर होते आणि मर्जीला अटी असतात. प्रजेचा हक्क म्हणून तेथे काहीच नव्हते. शिवाय जी जमीन व रोख रक्कम दिली जाई ती शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच येत असे, हेही ध्यानात ठेवावे.

विलीनीकरण आणि त्याची किंमत

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला तेव्हा निजामाने विलीन होण्यास नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला. दरम्यान लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी खेडोपाडी अत्याचार केले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. मे १९४८ मध्ये बसवकल्याण परिसरातील गोरटा येथे रझाकारांनी गावकऱ्यांचे हत्याकांड केले. तेथे मार्च २०२३ मध्ये हुतात्मा स्मारकाचे लोकार्पण झाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली.

यापुढील भाग आपल्याकडे क्वचितच बोलला जातो. शरणागतीनंतरच्या दिवसांत बदल्याच्या भावनेने मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा केला. मृतांची संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व नांदेड यांच्याबरोबर आपल्या बिदरचे नाव आहे. हा अहवाल पुढे अनेक दशके सर्वसामान्यांस उपलब्ध नव्हता. गोरट्याच्या हुतात्म्यांस वंदन करताना या मृतांचाही उल्लेख करणे आम्ही कर्तव्य समजतो. रझाकारांच्या पापाचे माप त्याच गावच्या विणकराच्या किंवा तांबोळ्याच्या पदरात टाकणे धर्मास धरून नाही.

सर्फ-ए-खास १९४९ मध्ये सरकारात विलीन झाले. त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या. मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

एका जिल्ह्याचे तीन वाटे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात (आज महाराष्ट्रात) गेले. नारायणखेड आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्रात (आज तेलंगणात) गेला. उरलेला जिल्हा, औरादसह, म्हैसूर राज्यात (आज कर्नाटकात) आला. औराद हे कर्नाटकाचे उत्तर टोक झाले. एका देवस्थानाचे भक्त, मानकरी व जमिनी तीन राज्यांत विभागल्या गेल्या. आजही आपल्या उत्सवास उदगीर, देगलूरकडील भाविक येतात ते याच जुन्या नात्याने.

जुने कागद वाचताना

आपल्या घरी किंवा देवस्थानाच्या दफ्तरात निजामकालीन कागद असतील तर पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

१. साल फसली असते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सालात ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. उदाहरणार्थ, जहागिरी रद्द करणारा हुकूम १३५८ फसलीचा, म्हणजे ऑगस्ट १९४९ चा.

२. रक्कम हाली सिक्क्यात असते. इंग्रजी १०० रुपयांस सुमारे ११६ हाली रुपये असा दर होता.

३. सरकारी भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. गावपातळीचे कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात.

४. इनामाचा हेतू अवश्य वाचावा. जमीन व्यक्तीस दिली की देवाच्या सेवेस, हे त्यावरूनच ठरते. १९५५ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानेही धार्मिक संस्थांच्या इनामांचा विचार वेगळा केला. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की देवस्थानाच्या जमिनीच्या मालकी रकान्यात देवतेचेच नाव असावे. पुजारी हा व्यवस्थापक आहे, मालक नव्हे. आपल्या पहाणी पत्रकात काय नोंद आहे, हे प्रत्येक विश्वस्ताने एकदा पाहावे.

मर्जीकडून हक्काकडे

निजामाच्या काळी देवळास जे मिळाले ते फर्मानाने मिळाले आणि जे अडले तेही फर्मानानेच अडले. आज भारतीय राज्यघटनेच्या २५ व २६ व्या अनुच्छेदांनी उपासनेचे स्वातंत्र्य आणि धार्मिक संस्थेचा कारभार पाहण्याचा अधिकार सर्व धर्मीयांस दिला आहे. हा अधिकार आपल्या देवळास आहे तसाच शेजारच्या दर्ग्यासही आहे. कोणा राज्यकर्त्याच्या कृपेवर तो अवलंबून नाही, म्हणूनच तो जपण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे. हिशेब चोख ठेवणे, कागद सांभाळणे आणि देवाची जमीन देवाच्याच नावे राखणे हा त्या जबाबदारीचा पहिला भाग होय.

ज्या भाविकांकडे देवस्थानासंबंधी जुन्या सनदा, मुंतखब, मोडी वह्या किंवा पावत्या असतील त्यांनी त्यांच्या छायाप्रती कार्यालयात द्याव्यात, मूळ कागद स्वतःजवळच सुरक्षित ठेवावेत, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
सचिव, देवस्थान विश्वस्त मंडळ, औराद