मोगरा जवळचा, झेंडू लांबचा



फाल्गुन सरत आला की नया नगरात लग्नाच्या फुलांची विचारणा सुरू होते. कुणाला सेहरा हवा असतो, कुणाला मुंडावळ्या, कुणाला करवल्यांसाठी गजरे. आमच्या बचत गटात हे सगळं ओवणाऱ्या बायका आहेत. फुलं ठरवताना एक वाक्य हमखास कानावर येतं, "आमच्याकडे पहिल्यापासून हेच फूल लागतं." म्हणून आज या 'पहिल्यापासून'चा इतिहास पाहू.

झेंडूचं तोरण नसेल तर लग्नघर वाटतच नाही. पण झेंडू मूळचा मेक्सिकोचा. ज्याला आपण गुलछडी म्हणतो, तो निशिगंधही तिकडचाच. सोळाव्या शतकात युरोपातली गलबतं अमेरिका खंडात ये-जा करू लागली, त्यानंतर ही रोपं आपल्याकडे आली आणि घरचीच झाली.

मोगरा मात्र आपल्याच मुलखातला. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त सुवासिक फुलांची यादीच दिली आहे. तिच्यात चमेली, चाफा, केतकीच्या जोडीला मोगऱ्याच्या जातीची फुलंही आहेत.

सेहऱ्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नवरदेवाच्या कपाळावरून सोडलेल्या फुलांच्या सरी म्हणजे सेहरा. लग्नात वराच्या कौतुकाची जी कविता म्हणतात, तिलाही सेहराच म्हणतात. १८५२ साली दिल्लीत बहादूरशाह जफरच्या मुलाचं, जवांबख्तचं लग्न झालं. तेव्हा गालिब आणि जौक या दोघांनीही सेहरा लिहिला आणि त्यावरून दोघांत चढाओढ झाली. मुंडावळ्या काय, सेहरा काय, फुलं कपाळावरच बांधायची!

आता आपल्या दारातला इतिहास. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली. वसईच्या वाड्यांतला माल त्याच दिवशी मुंबईत पोचवायची सोय झाली. आजही वसईची फुलं घेऊन पहाटेच्या गाडीने बायका-पुरुष दादरच्या फुलबाजारात जातात. ती गाडी आपल्या मीरा रोडवरूनच पुढे जाते.

सांगायचं ते हे, की लग्नाची फुलं काळाप्रमाणे बदलत आली. ज्या ऋतूत जे चांगलं मिळालं, ते आपल्या आज्या-पणज्यांनी माळलं. मग चैत्र-वैशाखातल्या लग्नाला शेवंतीच हवी, हा हट्ट कशाला? शेवंती थंडीची. उन्हाळ्यात ती लांबून येते, महाग पडते आणि लवकर मलूल होते. मोगऱ्याचा बहर मात्र याच दिवसांत असतो.

खरेदी करताना एवढं बघा. मोगऱ्याच्या कळ्या टपोऱ्या, पांढऱ्या आणि मिटलेल्या घ्या. सकाळी खुडलेली कळी संध्याकाळी उमलते, म्हणजे निकाह किंवा गोरज मुहूर्ताला वास ऐन भरात येतो. उमललेली फुलं घेतलीत तर कार्याच्या वेळी पिवळी पडतील. कळ्या ओल्या सुती फडक्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुटा गुलाब उन्हात पाकळ्या टाकतो, तो आदल्या दिवशी आणू नका. झेंडू घेताना देठाकडे दाबून बघा, कडक असेल तर ताजा. गुढीपाडव्याला आणि मोठ्या मुहूर्ताला भाव चढतात, तेव्हा फुलवालीला आठवडाभर आधी सांगून ठेवा.

यात आम्हा ओवणाऱ्यांचाही प्रश्न आहे. अवेळी फुलांवर पैसे जास्त गेले की पहिली काटछाट होते ती ओवण्याच्या मजुरीत. फुलाचा भाव बाजार ठरवतो, त्याच्याशी घासाघीस फारशी चालत नाही. सुई-दोरा घेऊन बसलेल्या बाईशी मात्र चालते. एका सेहऱ्यामागे तिची अख्खी दुपार जाते. ऋतूतली फुलं घेतली तर तुमचा खर्च आटोक्यात राहतो आणि तिचा हात रिकामा राहत नाही.

तेव्हा यंदाच्या लग्नात मोगरा भरपूर माळा, आणि मजुरीचं फुलं सांगतानाच ठरवून टाका.