रिपोर्टावरचा बाण

बचत गटाच्या मागच्या बैठकीत आमच्यातल्या एका काकूंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "एवढं वाचून सांगा गं." कागदावर 'एलडीएच' ही अक्षरं, पुढे आकडा आणि आकड्याशेजारी वर जाणारा बाण. काकूंच्या सुनेला लिम्फोमा निघाला आहे, म्हणजे मानेत-काखेत गाठी येतात तो कॅन्सर. घरात कुणीतरी सांगून गेलं होतं, "बाण वर आहे, आता काही खरं नाही. उगाच वावर गहाण टाकू नका."

एका बाणावरून बाईचा उपचार थांबणार होता. म्हणून आम्ही या बाणाचा इतिहास शोधला. तो आज सांगतो.

रात्री कोमट दुधाला विरजण लावलं की सकाळी दही तयार. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आंबट आम्ल करतात. हे काम ज्याच्यामुळे होतं ते एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. एलडीएच हे असंच एक विकर. ते दह्याच्या जिवाणूत असतं, तसं आपल्या अंगातल्या पेशींतही असतं. पेशी मोडली की ते रक्तात उतरतं. पेशी फार मोडायला लागल्या की रक्तातला आकडा वाढतो.

१९२० नंतरच्या काळात जर्मनीत ओटो वारबुर्ग यांनी पाहिलं, की कॅन्सरची गाठ साखर भराभर खाते आणि हेच दह्यातलं आम्ल तयार करते. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर आणि एथेल गटमन या नवरा-बायकोने पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर पसरला की एक विकर रक्तात वाढतं, हे दाखवलं. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांना दिसलं, की उपचार लागू पडला की तोच आकडा उतरतो. रक्तातलं विकर आजाराची चाल सांगतं, ही समज अशी आली. १९५४ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात एलडीएच वाढलेलं आढळलं.

आपल्याकडे काय चाललं होतं? मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळमध्ये टाटा हॉस्पिटल उघडलं. जळगाव, भुसावळ, चाळीसगावहून रात्रीची गाडी धरून, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकून आपली माणसं जिथे जातात, तेच हे हॉस्पिटल. १९५२ मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या पुढाकाराने मुंबईत कॅन्सरवर संशोधन करणारं केंद्र उभं राहिलं. तिथे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी काचेच्या भांड्यात पेशी वाढवायची प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाच्या कॅन्सरवर काम केलं. वडिलांची इच्छा होती मुलीने डॉक्टर व्हावं. ती झाली शास्त्रज्ञ. पुढे त्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणीही केली.

आता काकूंच्या कागदाकडे येऊ. १९९३ मध्ये अनेक देशांतल्या डॉक्टरांनी मिळून वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमासाठी पाच गोष्टींचा हिशेब ठरवला : रुग्णाचं वय, एलडीएच, रुग्ण किती हिंडतो-फिरतो, आजार किती पसरला आणि ग्रंथींबाहेर किती ठिकाणी गेला. पाचांतली एक गोष्ट म्हणजे आपला हा बाण. एकट्या बाणावर निकाल लागत नाही. उपचार किती जोरकस हवा, लक्ष किती ठेवायचं, हे ठरवायला तो हिशेब असतो. उपचार सोडायला नव्हे.

शिवाय बी-१२ कमी पडून रक्त खालावलं, लिव्हर बिघडलं, नळीतल्या रक्तातल्या पेशी फुटल्या, तरीही एलडीएच वाढतं. त्यामुळे नुसत्या या आकड्याने कॅन्सर आहे असंही म्हणता येत नाही.

अजून एक गोष्ट ऐका. स्तनाच्या काही गाठींत 'हर-टू' नावाचं प्रथिन फार असतं. त्याचा पेशीच्या आतला भाग विकराचंच काम करतो. १९८७ मध्ये डॉ. डेनिस स्लॅमन यांनी दाखवलं, की अशा बायांचा आजार लवकर उलटतो. तेव्हा ही खूण म्हणजे वाईट बातमीच होती. १९९८ मध्ये अमेरिकेत नेमक्या त्याच प्रथिनावर बसणाऱ्या औषधाला परवानगी मिळाली. जी खूण भीतीची होती, तीच औषध कुणाला द्यायचं ते सांगू लागली. औषध बदललं की भाकीतही बदलतं.

म्हणून बहिणींनो, रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हा आकडा कशामुळे वाढला असेल? यामुळे उपचारात काय बदलणार? पुन्हा कधी तपासायचा? आणि वावर गहाण टाकण्याआधी हॉस्पिटलात महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कॅन्सरचे बरेच उपचार त्यात बसतात.

काकूंच्या सुनेची दोन इंजेक्शनं झाली आहेत. पुढे काय होईल ते आज कुणीच सांगू शकत नाही. पण ती उपचाराला जाते आहे, आणि तिच्यासोबत दर खेपेला गटातली एक जण जाते.