तिकिटाला मत नाही

आपल्याकडे दोन विषयांवर बोलायला परवाना लागत नाही. एक सरकार आणि दुसरा खेळ. सिल्लोडच्या बाजारात मिरचीचा भाव करता करता माणूस अर्थमंत्र्यांना चार गोष्टी सुनावतो, आणि चहा येईपर्यंत भारताच्या फुटबॉल संघातले तीन गडी बदलून मोकळा होतो. शहाणी माणसे या बडबडीला हसतात. मला मात्र ती ऐकावीशी वाटते, कारण तिच्यात नेहमी दोन वाक्ये सापडतात. पहिले वाक्य असे : "सरकारने फुटबॉलकडे लक्ष द्यायला पाहिजे." आणि घोटभर चहा पोटात गेल्यावर दुसरे : "सरकार शिरले की खेळाचे वाटोळे झालेच म्हणून समजा."

दोन्ही वाक्ये एकाच माणसाची. वरवर पाहता तो स्वतःलाच खोडून काढतो आहे. पण इतिहासाची पाने उलटली म्हणजे ध्यानात येते, की दोन्ही वाक्यांना आधार आहे. तो इतिहास फार लांबचा नाही. आपल्या सिल्लोडच्या अंगणातूनच गेलेला आहे.

आमचा तालुका निजामाच्या राज्यातला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या शेतकऱ्याने, हमालाने, बायाबापड्यांनी पहिल्यांदा मत टाकले. ते मत मुंबईच्या विधानसभेसाठी नव्हते, हैदराबादच्या विधानसभेसाठी होते. सिल्लोडचा मतदार जन्माला आला तो हैदराबाद राज्याचा मतदार म्हणून. आणि नेमक्या त्याच सुमारास हैदराबाद ही भारतीय फुटबॉलची राजधानी होऊ लागली होती.

त्याचे श्रेय एका शाळामास्तराला आहे. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. १९०९ साली जन्मलेले हे गृहस्थ उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. हैदराबादेतल्या शाळांतून त्यांनी मुले शिकवली आणि पुढे शारीरिक शिक्षणाकडे वळले. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सरचिटणीस झाले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाला त्यांनी शिकवले. या पोलीस संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर येऊन १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स कप नेला. १८९१ सालापासून चालत आलेली ती स्पर्धा, आणि पाच वर्षे करंडक मुंबईहून थेट हैदराबादच्या गाडीत!

रहीमसाहेबांची रीत कोणत्याही मास्तराला पटेल अशी होती. आपले खेळाडू चेंडू स्वतःजवळ ठेवून नाचवत बसतात, हा रोग त्यांनी ओळखला. त्यावर व्याख्यान न देता त्यांनी स्पर्धाच अशा भरवल्या, की तिथे चेंडू नाचवायला बंदी; आला की लगेच दुसऱ्याकडे द्यायचा. कुठे फक्त कमजोर पायानेच खेळायचे. मुले खेळता खेळता शिकली. धोरण या शब्दाचा इतका सोपा अर्थ मला दुसऱ्या कोणत्या पुस्तकात सापडला नाही : दोष पाहायचा, आणि तो दोष चालणारच नाही असा नियम करायचा.

मग आली १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख. भाषावार प्रांतरचना झाली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. मराठी माणसाच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट. पण फुटबॉलच्या रसिकापुढे तिने एक मोठी मौजेची अडचण उभी केली. त्या हंगामात संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्याराज्यांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात कोण समोरासमोर यावे? हैदराबाद आणि मुंबई! पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोन्ही वेळा हैदराबाद जिंकले. आता सिल्लोडच्या माणसाने टाळ्या वाजवायच्या कुणासाठी? कालपर्यंतच्या आपल्या राज्यासाठी, की आजपासूनच्या? सरकारी राजपत्रातली एक ओळ माणसाचा तालुका तिथेच ठेवून त्याचा संघ बदलते. सरकार आणि खेळ यांचा संबंध नाही असे म्हणणाऱ्याने या गोष्टीचा विचार करावा.

या कोड्याचे उत्तर मात्र महिनाभरात मिळाले. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. हा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा गोवेकर. संघाचे मार्गदर्शक हैदराबादचे रहीमसाहेब, आणि संघात तुळशीदास बलराम, अहमद हुसेन, नूर मोहंमद असे हैदराबादचे गडी. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. नव्या राज्याचा आणि जुन्या राज्याचा माणूस एकाच संघात खेळत होता. सिल्लोडकराला दोघेही आपले म्हणता येत होते.

हे झाले वैभव. आता कारभाराकडे वळू. १९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक होता. आशियातल्या इतर देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही सामना न खेळता प्रवेश मिळाला होता. आपला संघ गेला नाही. का गेला नाही? घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि बूट घालायला तयार नव्हते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून अवघ्या एका गोलाने हरले, हे खरे आहे. परंतु ब्राझीलला न जाण्याची कारणे महासंघाने सांगितली ती वेगळी : सरावाला वेळ नाही, संघनिवडीची अडचण, लांबचा प्रवास. मुळात त्या काळच्या कारभाऱ्यांना ऑलिंपिक मोठे वाटत होते आणि विश्वचषक लहान. बंद खोलीत चार माणसांनी एक निर्णय घेतला. त्याचा नीट जाब त्यांना कुणी विचारला नाही, म्हणून लोकांनी आपल्यापुरते उत्तर तयार केले, आणि दोष मात्र बिचाऱ्या खेळाडूंच्या पायांना लागला. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले, तेव्हा कुठे महासंघाने बूट सक्तीचे केले.

याउलट सरकारे भांडली म्हणजे काय होते, ते १९६२ साली जाकार्ताला दिसले. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना आशियाई स्पर्धांत येऊ दिले नाही. क्रीडा महासंघावरचे भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली. त्याचा राग तिथल्या जमावाने भारतीय वकिलातीवर काढला, आणि फुटबॉलच्या अंतिम सामन्यात खच्चून भरलेले मैदान आपल्या अकरा पोरांवर उलटले. अशा वातावरणात ४ सप्टेंबर रोजी भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक आणले. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि डोक्याला टाके घातलेला जर्नेल सिंग यांनी ते गोल केले. रहीमसाहेब तेव्हा दुर्धर आजाराने पोखरलेले होते; ११ जून १९६३ रोजी ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक आपल्या वाट्याला आले नाही, आणि १९६० च्या रोमनंतर ऑलिंपिकमध्ये आपला फुटबॉल संघ उतरलेला नाही.

एका माणसाच्या जाण्याने घर बसते, तेव्हा समजावे की त्या घराला खांब एकच होता. रहीमसाहेबांची रीत पुढे चालवील अशी व्यवस्था ना महासंघाने उभारली, ना सरकारने.

महाराष्ट्रात फुटबॉलचा खरा रसिक पाहायचा असेल, तर सिल्लोडहून उठून कोल्हापूरला जावे. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी संघांची नावे आहेत. ही पेठांची आणि तालमींची नावे आहेत. कुस्तीच्या मातीतून फुटबॉल उगवला आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ लोटते. संघ पेठेचा, वर्गणी पेठेची, आणि हरल्यावर जाब विचारणाराही पेठेचाच. त्यामुळे कधी डोकी भडकतात, पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो, हेही खरे. तथापि तिथला रसिक केवळ तिकीट काढणारा नाही. त्याच्या बोलण्याला वजन आहे. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

कोल्हापूर सोडून दिल्लीकडे पाहिले की हे वजन एकाएकी नाहीसे होते. महासंघाची निवडणूक २०२० च्या डिसेंबरात व्हायची होती, ती झालीच नाही. आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल अध्यक्षपदाची मुदत संपूनही खुर्चीवर होते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यकारिणी दूर करून प्रशासक समिती नेमली. त्यावर ऑगस्टमध्ये फिफा या जागतिक संघटनेने 'बाहेरच्यांचा हस्तक्षेप' म्हणून भारतालाच निलंबित केले. निलंबन अकरा-बारा दिवसांत उठले. पण तेवढ्यात गोकुलम केरळ या संघाच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या, त्या न खेळताच परत आल्या. भांडण मोठ्यांचे आणि उपवास लेकरांना!

मग २ सप्टेंबर २०२२ रोजी निवडणूक झाली. एका बाजूला माजी गोलरक्षक आणि भाजपचे नेते कल्याण चौबे, दुसऱ्या बाजूला बायचुंग भुतिया. भुतिया हे कित्येक वर्षे भारताचे कर्णधार होते. ज्याला फुटबॉलमधले दुसरे नाव ठाऊक नाही, त्यालाही हे एक ठाऊक असते. एकंदर मते पडली चौतीस. चौबेंना तेहतीस आणि भुतियांना एक! मतदार होते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे मत दिले, आणि त्यांचा तो हक्क होता. मला चौबे बरे की भुतिया बरे हे ठरवायचे नाही. परंतु एकशेचाळीस कोटींच्या देशात फुटबॉलचा कारभार २०२२ साली चौतीस माणसांनी ठरवला, आणि उन्हात रांग लावून तिकीट काढणाऱ्याच्या तिकिटाला तिथे काडीचीही किंमत नाही, एवढे तरी वाचकांनी ध्यानी घ्यावे. १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्यात मेस्सीला पाहायला महागडी तिकिटे काढून आलेल्या लोकांना त्याचे धड दर्शनही घडले नाही, तेव्हा त्यांनी खुर्च्या मोडल्या. मोडतोड वाईटच. पण ज्याला मत नाही, त्याच्या हाती खुर्चीच उरते.

आता सरकारचे पाहू. १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावे असा उपक्रम केला. शाळांना चेंडू वाटले. हेतू उत्तम होता. पण पत्र्याच्या कडा आणि बाभळीचे काटे असलेल्या पटांगणात चेंडू किती दिवस टिकतो, हे कोणत्याही शाळामास्तराला विचारावे. एका दिवसाचा उत्सव करणे सरकारला सोपे जाते. तीनशे चौसष्ट दिवसांची सोय करणे कठीण. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. संघटनांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार स्त्रिया असाव्यात, तंट्यांसाठी न्यायाधिकरण असावे, असे त्यात आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. प्रेक्षकाचे नाव मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. आणि त्याच वर्षी देशातली सर्वांत मोठी फुटबॉल लीग, कंत्राटाच्या घोळापायी, ठरल्या वेळी सुरूसुद्धा झाली नाही.

तात्पर्य, चहाच्या टपरीवरची ती दोन वाक्ये एकमेकांना खोडत नाहीत. ती दोन वेगळ्या कामांविषयी आहेत. संघ कोणी निवडावा, मार्गदर्शक कोण असावा, डावीकडून कोणी खेळावे, यात मंत्र्याने बोट घालू नये. तिथे रहीमसाहेबांसारख्या जाणत्या माणसाचे राज्य असावे. पण मैदान, खेळाचा शिक्षक, आणि जनतेच्या पैशाचा हिशेब ही सरकारची कामे आहेत, आणि ती टाळण्यासाठी 'खेळात राजकारण नको' ही ढाल पुढे करणे बरोबर नाही. आपल्याकडे होते ते नेमके उलटे. खुर्च्यांवर पुढाऱ्यांची गर्दी आणि पटांगणावर शिक्षकाची वाण.

महासंघाच्या निवडणुकीत सिल्लोडच्या माणसाला मत नाही. ते त्याला बहुधा कधी मिळणारही नाही. पण १९५२ साली मिळालेले दुसरे मत त्याच्या हाती आहे, आणि ते नगरपरिषदेपासून संसदेपर्यंत चालते. त्या मताच्या बळावर फुटबॉलसंबंधी तीनच प्रश्न विचारण्यासारखे आहेत. तालुक्यात मुलांना रोज खेळता येईल असे मैदान कुठे आहे? शाळेत खेळाचा शिक्षक आहे का, की भूगोलाच्या मास्तरांनाच शिट्टी दिली आहे? आणि मैदान असलेच, तर त्याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? पहिल्या दोन प्रश्नांना आश्वासन मिळेल. तिसऱ्याला मिळणार नाही, कारण सातबाऱ्यावर आश्वासन चढत नाही, नाव चढते. म्हणून दिवाळीनंतर दारावर मते मागायला जो कोणी येईल, त्याला फराळाचे ताट द्यावे, पाणी द्यावे, आणि सातबाऱ्याचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.