श्रुतपरंपरा ते दूरचित्रवाणी : डॉ. विक्रम साराभाई आणि खेड्यातील वर्गखोली

जैन परंपरेत आगमज्ञानाला 'श्रुत' म्हटले जाते. श्रुत म्हणजे ऐकलेले. गुरूने सांगावे, शिष्याने ऐकावे आणि स्मरणात धरावे, अशी ही रीत शतकानुशतके चालली. परंतु स्मरणशक्ती क्षीण होत चालली तेव्हा आचार्य धरसेनांनी गिरनारच्या चंद्रगुफेत पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना आपल्याजवळचे ज्ञान दिले, आणि त्यातून षट्खंडागम ग्रंथारूढ झाला. श्रुतपंचमी हा त्याच घटनेचा उत्सव होय. श्वेतांबर परंपरेत वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले. जे मुखाने द्यावयाचे ते ताडपत्रावर उतरविणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे एकोणिसाव्या शतकात मुद्रणकला आली तेव्हाही शास्त्र छापावे की नाही, यावरून समाजात मोठा वाद झाला. त्याच काळात, १८८४ मध्ये, सोलापूरहून हिराचंद नेमचंद दोशी यांनी 'जैन बोधक' हे नियतकालिक सुरू केले. ज्ञानदानाचे नवे साधन स्वीकारावे काय, हा प्रश्न या समाजाने असा वारंवार हाताळलेला आहे.

विसाव्या शतकात हाच प्रश्न देशाच्या पातळीवर ज्या पुरुषाने मांडला, तो अहमदाबादच्या एका जैन कुटुंबातच जन्मला. डॉ. विक्रम अंबालाल साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा. रूढ अर्थाने ते धर्मकार्यात रमणारे गृहस्थ नव्हते, आणि त्यांना केवळ 'समाजाचे भूषण' म्हणून मिरविणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. मात्र शिक्षणाविषयीची त्यांची दृष्टी घरातूनच आली, यात शंका नाही. पिता अंबालाल व माता सरलादेवी यांनी आपल्या आठ मुलांसाठी घरातच शाळा उघडली होती. तिच्यावर मादाम मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचा प्रभाव होता. पाठांतरापेक्षा हाताने करून पाहण्यावर तेथे भर असे. बाल विक्रमला यंत्रकामासाठी स्वतंत्र कार्यशाळा लाभली होती, आणि तेथे त्याने आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली.

असे भाग्य देशातील किती मुलांच्या वाट्याला येणार? अहमदाबादेत त्यांनी सामान्य विद्यार्थ्यांसाठी कम्युनिटी सायन्स सेंटर उभारले. २२ डिसेंबर १९६८ रोजी त्याच्या उद्घाटनास सर चंद्रशेखर वेंकट रामन आले आणि आकाश निळे का दिसते, या विषयावर बोलले. परंतु एक केंद्र एका शहरापुरते. लाखो खेड्यांतील शाळांचे काय, याचे उत्तर विक्रमभाईंनी आकाशात शोधले.

त्या वेळी दूरचित्रवाणी ही शहरातील श्रीमंतांची करमणूक मानली जात होती. दिल्ली परिसरातील ८० खेड्यांत १९६७ मध्ये 'कृषिदर्शन' कार्यक्रम दाखवून पाहण्यात आला, त्यामागे विक्रमभाईंची प्रेरणा होती. शहरांत आधी आणि खेड्यांत सवडीने, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. उपग्रह वापरला तर दुर्गम खेड्यापर्यंत प्रथमच पोहोचता येईल, हे त्यांचे गणित होते. सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेशी करार झाला आणि 'एटीएस-६' हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरावयास मिळण्याचे ठरले. हा प्रयोग मात्र ते पाहू शकले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी, अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरे केले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राची धुरा प्रा. यशपाल यांच्याकडे होती. कार्यक्रमाचे व्यवस्थापन पाहणारे एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. या मराठी शास्त्रज्ञाने २०२५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, जगाचा निरोप घेतला. 'साइट' या संक्षिप्त नावाने ओळखला गेलेला हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसविले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची अँटेना गावात उभी राहिली आणि ती पाहावयासच प्रथम गर्दी लोटली. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. परंतु सोलापूर-सांगलीला लागून असलेला विजापूर जिल्हा होता. शिवाय मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईतील स्टुडिओत तयार होत.

सकाळचा दीड तास शाळांसाठी राखलेला असे. हिंदी, ओडिया, तेलुगू व कन्नड या चार भाषांत तो वाटला जाई, म्हणजे प्रत्येक भाषेला जेमतेम बावीस मिनिटे. कार्यक्रम पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असत. ज्या मुलाने गावाबाहेरचे जग पाहिले नव्हते, त्याच्यापुढे समुद्र, रेल्वे, परप्रांतातील माणसे येऊन उभी राहिली.

परंतु या प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग पडद्यावर नव्हता, तो शिक्षकांच्या तयारीत होता. विज्ञान कसे शिकवावे यासाठी प्राथमिक शिक्षकांचे बारा दिवसांचे वर्ग दोन वेळा भरविले गेले. दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष प्रयोग या चारही मार्गांनी ते शिकले. दोन्ही फेऱ्या मिळून ही संख्या पन्नास हजारांच्या जवळ गेली. एवढ्या शिक्षकांना एकाच वेळी एकत्र बसविणे अन्य कोणत्याही उपायाने शक्य नव्हते.

फळ काय मिळाले? समाजशास्त्रज्ञ गावांत राहून पाहणी करीत होते, आणि त्यांचे निष्कर्ष प्रांजळ आहेत. शाळेतील पटसंख्या वाढली नाही, गळती थांबली नाही, परीक्षेतील गुणांतही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मात्र मुलांची भाषा सुधारली, आणि शिक्षकाखेरीज अन्य मार्गांनीही माहिती मिळविण्याची त्यांची ओढ वाढली. ज्यांना गुणपत्रिकेतच शिक्षण दिसते त्यांना हे यश वाटणार नाही. विक्रमभाईंच्या घरातील शाळेच्या कसोटीवर मात्र हेच खरे यश म्हणावे लागेल.

३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली. उपग्रह परत नेण्यात आला आणि बहुतेक गावांतील पडदे काळे झाले. वर्षभर रोज संचापुढे बसणाऱ्या मुलांना दुसऱ्या दिवशी काय सांगितले गेले असेल, याची नोंद अहवालांत सहसा आढळत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज येथील प्रक्षेपकावरून हे काम पुढे अनेक वर्षे चालू राहिले, आणि त्याला युनेस्कोचा पुरस्कारही लाभला. १९८० च्या दशकात 'इन्सॅट' उपग्रहांचा उपयोग शिक्षणासाठी होऊ लागला. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्यास 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. मराठी शाळांसाठी तिने कित्येक कार्यक्रम निर्माण केले, पण निधीअभावी खंगत जाऊन २०१७ मध्ये ती बंद झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह अवकाशात गेला. विक्रमभाईंचे स्वप्न असे अर्धे-पाऊण पुरे होत राहिले.

२०२० मध्ये महामारीमुळे शाळांना कुलुपे लागली. ज्या घरांत इंटरनेट नव्हते, त्या घरांतील मुलांपर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न पुन्हा समोर आला. जुलै महिन्यात सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. घरातील व परिसरातील वस्तू घेऊन, पालकांच्या सोबतीने, करून पाहण्याचे पाठ तिच्यात होते. शिक्षक पडद्यापासून दूर होते आणि बालचित्रवाणी बंद होऊन तीन वर्षे झाली होती. ती मालिका एका अन्य संस्थेला नव्याने उभी करावी लागली.