जुना मायक्रोफोन आणि गाणारा गळा

गायनाच्या मुद्रणासाठीं जुना मायक्रोफोन धुंडाळणाऱ्या रसिकाची दृष्टि प्रथम जाते ती कवचावर. शिकागोच्या शुअर कंपनीचा १९३९ चा ‘युनिडाइन ५५’ ह्या बाबतींत मोठा मोहक! मोटारीच्या तोंडावरील जाळीसारखें त्याचें चकचकीत रूप छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याची खरी थोरवी मात्र आंत आहे.

डायनॅमिक मायक्रोफोनमध्यें स्वरानें पातळ पडदा हलतो, पडद्यास जोडलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत कंप पावतें व वीज उत्पन्न होते. वेंट व थुरास यांचा १९३१ चा वेस्टर्न इलेक्ट्रिक ६१८-ए असाच; पण तो चोहोंकडचा आवाज टिपी. केवळ समोरचा आवाज घ्यावयाचा तर पुढें दोन घटक एकत्र जोडीत. बेंजामिन बॉअर यांनीं तें काम एकाच घटकाकडून करविलें. मागून येणारा ध्वनि आंतील वाटेंत किंचित् रेंगाळून पडद्याच्या दोन्ही अंगांस एकदमच पोंचेल, अशी त्यांची योजना. मग पडदा हलणार कसा?

गायकाला हा भेद तत्काळ जाणवतो. ६१८-एपुढें अगदीं जवळून गायिलें तरी खर्ज फुगत नाहीं; युनिडाइनपुढें तो भारदस्त होतो. नाजूक गळ्यास ही देणगीच, भरदार गळ्यास मात्र अडचण.

जुन्या कवचांत नवा घटक बसविलेले नमुनेही बाजारांत भेटतात. म्हणून तेंच पद प्रथम चार बोटें व मग हातभर अंतरावरून गाऊन मुद्रित करावें. घटक एकदिश असेल तर दुसऱ्या खेपेस खर्ज ओसरलेला ऐकूं येतो.